बहिणीकडून घेतलेलं

भावाने बहिणीच्या सासरी पाण्याचा घोटही घेऊ नये, हा नियम ज्याने कुणी केला असेल, त्याला एकदा मे महिन्यात भर दुपारी बालाघाटच्या बसस्टँडवर उभं करायला हवं होतं. नियम करणारे सावलीत बसून करतात आणि पाळणारे उन्हात पाळतात. टिकाराम हा पाळणाऱ्यांपैकी. बालाघाट ते गोंदिया अशी खाजगी बस तो सतरा वर्षं चालवत होता. सकाळी अकराला गाडी बालाघाटला लागली की सुटेपर्यंत त्याला पंचवीस मिनिटं मिळायची. त्यातली पंधरा तो धाकट्या बहिणीच्या, पौर्णिमाच्या, दारात घालवायचा. दारातच. ओट्यावर टेकायचा, तिची ख्यालीखुशाली विचारायचा आणि स्वतःच्या बाटलीतलं गरम झालेलं पाणी प्यायचा. आत माठ भरलेला असायचा तो असायचाच.

राजेगावच्या त्यांच्या घरात बहीण ही देण्याची जागा होती. तिला सणाला लुगडं द्यावं, नव्या तांदळाचं पोतं पोचवावं, ती माहेरी आली की सगळ्यांच्या आधी तिचं ताट वाढावं. मात्र तिच्या घरचा दाणा भावाच्या पोटात जाता कामा नये. लग्नाला वीस वर्षं झाली तरी पौर्णिमाने चहा विचारायचं सोडलं नव्हतं आणि त्याने नाही म्हणायचं. "पी तू, मी आत्ताच घेतला," असं तो म्हणायचा. कुठे घेतला, ते देव जाणे. पौर्णिमाचा नवरा अश्विन, ज्याचं मोटारी आणि पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, तो म्हणायचा, "तुह्या भावाले पाणी पाजण्यापेक्षा वैनगंगा उलटी वाहवणं सोपं आहे."

अशा माणसाच्या पोटात बहिणीचं अर्ध्याहून जास्त यकृत गेलं. आता बोला.

टिकाराम दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. तरी यकृत गेलं म्हटल्यावर गावाने आधी बाटलीच शोधली. गावाला आजार कळत नाही, दोष कळतो. खरं म्हणजे त्याच्या रक्तात कित्येक वर्षांपासून काविळीचा विषाणू मुरून बसला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. होळीपर्यंत पोटात पाणी झालं. जून उजाडेपर्यंत डोक्यावर परिणाम झाला. एकदा तो स्वतःच्या बायकोला, राखीला, म्हणाला, "बाई, उतरा आता, गाडी पुढं जात नाही." राखी ते सांगताना हसली आणि हसता हसता रडली.

राखीचा रक्तगट जुळला नाही. पौर्णिमाचा जुळला. नागपूरला तपासण्या झाल्या, कागद झाले, समितीपुढे तिला तीन-तीनदा विचारलं की कुणी जबरदस्ती तर करत नाही ना. टिकारामला मात्र कुणी विचारलं नाही, कारण तो विचारण्याच्या पलीकडे गेला होता. त्याच्या वतीने राखीने सही केली. पौर्णिमाला मनातून बरंच वाटलं. शुद्धीवर असता तर त्याने यमाला ओट्यावर बसवून घेतलं असतं, पण बहिणीचं घेतलं नसतं.

तिच्या यकृताचा उजवा भाग काढला. शंभरातले साठ भाग गेले, चाळीस उरले. शुद्ध आली तेव्हा हाताला साखरेची सलाइन लागलेली, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन बोटाला सुई टोचून साखर बघून जायचं. रक्तातलं फॉस्फेट नावाचं क्षार कमी झालं म्हणून दुसरी बाटली लागली. चौथ्या दिवशी समीक्षा नावाची आहारतज्ज्ञ पोरगी पलंगाशी येऊन बसली.

"ताई, कापलेला भाग तिथे परत उगवत नाही बरं का," ती म्हणाली. "जो उरलाय, तोच वाढून सगळ्याची भरपाई करतो. आकार पहिल्यासारखा होणार नाही, पण वजन आणि काम पहिल्यासारखं होईल. दोन-तीन महिन्यांत बरंचसं."

"आता काय करून राह्यलं ते?"

"आत्ता ते घर चालवतंय आणि घर बांधतंयही. बांधायला जळण लागतं, म्हणून तुमच्या अंगातली चरबी ओढून स्वतःत भरून घेतं. आज बघितलं तर चरबीने माखलेलं दिसेल. घाबरायचं नाही, ती वापरली जाते. तुम्ही वाळाल, त्यालाही घाबरायचं नाही. आणि साखर साठवायची कोठी लहान झालीय. पूर्वी रात्रभर पुरायची, आता पुरत नाही. म्हणून दर दोन-तीन तासांनी खायचं. डाळ, अंडी, भात. उपास बंद."

"हरतालिकेचाही?"

"हरतालिकेला मी स्वतः फोन करून विचारणार आहे, काय खाल्लं म्हणून."

टिकाराम त्याच इमारतीत दोन मजले वर होता. नव्या यकृताने पहिल्याच दिवशी काम सुरू केलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेही तिथे वाढणार होतं, त्याच्या अंगाला पुरेल एवढं. राखी वरून खाली यायची तेव्हा पौर्णिमा एकच गोष्ट विचारायची. "माह्यं विचारलं का त्यानं?" राखी म्हणायची, "तोंडात नळी आहे न, पुनीबाई." पुढे नळी निघाली. मग राखी म्हणू लागली, "थकले आहेत." नवव्या दिवशी पौर्णिमाला घरी सोडलं. वर जायची परवानगी नव्हती. लिफ्टजवळ ती जराशी थांबली, वर जाणारे आकडे बघितले, आणि अश्विनच्या दंडाला धरून गाडीत बसली.

तीन महिने टिकारामला भेटायला कुणी जायचं नव्हतं. त्याची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम दाबून ठेवली होती, साधी सर्दीही महागात पडली असती. हे पौर्णिमाला कळत होतं. पण फोनमधून काही जंतू जात नाहीत. ती फोन लावायची आणि राखी उचलायची. झोपले आहेत. अंघोळीले गेले आहेत. डोळे दुखून राह्यले. इतकी अंघोळ तर नदीतली मासोळीही करत नाही. सुरुवातीला पौर्णिमा हसून सोडून द्यायची. मग हसणं गेलं.

अकराची बस येतच होती, नव्या ड्रायव्हरची. ओटा रिकामा असतो हे माहीत असून ती अकराला दारात यायची. हातात वाटीभर भिजवलेले चणे नाहीतर उकडलेलं अंडं असायचं, कारण तिची खायची वेळही तीच होती. उजव्या बरगडीखाली टाक्यांची ओढ लागायची. गेलेल्या तुकड्याची आठवण तिला कधी आली नाही. पोटात काय होतं आणि काय नाही, हे तिला आधीही कुठे ठाऊक होतं? आठवण यायची ती माणसाची. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि दादा सतराचा. त्याने तिच्या वेण्या घातल्या होत्या, एक वर एक खाली, आणि शाळेत बाई हसल्या म्हणून शाळेत जाऊन बाईंशी भांडलाही होता. असा माणूस दोन शब्द बोलत नव्हता.

कधी कधी तिला एक चमत्कारिक विचार यायचा आणि त्याची लाजही वाटायची. तिच्या अंगाचा एक भाग राजेगावला दादापाशी होता. त्याच्या घरी निजत होता, त्याचा आवाज रोज ऐकत होता. आणि उरलेली ती बालाघाटात रस्त्याकडे बघत बसली होती. आपल्याच मांसाचा हेवा करणारी बाई जगात दुसरी नसेल.

"तेरा भाई है, पर सच बोलूँ तो मतलबी निकला," अश्विन एकदा जेवताना म्हणाला. तिने ताट सरकवलं. मग समीक्षाचं बोलणं आठवून परत ओढलं आणि रडत रडत सगळं संपवलं. त्या दिवसांत तिला नीट रुसायचीही सोय नव्हती.

राखीपौर्णिमेला तिने दादासाठी राखीचा धागा आणि पेढे बसने पाठवले. कंडक्टर हिरालाल टिकारामचा जुना जोडीदार. पुडकं घेताना तो तिच्याकडे बघतच राहिला.

"बाई, तुम्ही तं अर्ध्या झाल्या."

"होईन भरून," ती म्हणाली. आठ किलो वजन उतरलं होतं खरं. गळ्याची हाडं वर आली होती, बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. पण त्याच आठवड्यात नागपूरला तपासणी झाली आणि डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं की उरलेला डावा भाग फुगून जवळजवळ पहिल्याएवढा झाला आहे. शंभरात पंच्याऐंशी. साखर ठीक, फॉस्फेट ठीक, चरबी वापरली गेली. ही बातमी तिला एकाच माणसाला सांगायची होती. फोन राखीने उचलला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, पहिल्यांदाच राखीचा फोन आपणहून आला.

"पुनीबाई, हे पडले. न्हाणीजवळ. साखर अठ्ठेचाळीस झाल्ती. डॉक्टरनं ग्लुकोज देलं, आता बसले आहेत."

"काहून पडला? जेवत नाही का?"

राखीने भडाभडा सांगून टाकलं. गोळ्यांनी टिकारामची साखर वाढत होती, म्हणून रोज सकाळी इन्शुलिनची सुई होती, आणि सुईनंतर लगेच जेवण. ताट ती मागच्या खोलीत नेऊन द्यायची, कारण त्याला वेगळं ठेवलं होतं. ताट रिकामं परत यायचं. आज तो पडला तेव्हा ती धावत मागे गेली, तर खिडकीखाली गल्लीतलं कुत्रं शेपूट हलवत उभं होतं. तीन आठवड्यांत ते कुत्रं चांगलं गोल झालं होतं आणि त्याला पिल्लं होणार असं आपण समजत होतो, असं राखी म्हणाली.

"उपास धरला आहे यांनी. राखीपुनवेपासून. दिवसातून एकडाव संध्याकाळी खातात, तेही मूठभर. मी विचारलं त म्हणे, पुनीचं अंग भरल्याबिगर मी पोटभर जेवणार नाही. हिरालालभाऊनं सांगतलं होतं न, तुम्ही वाळल्या म्हणून."

पौर्णिमाने फोन ठेवला. इतके दिवस ज्याला ती निष्ठुरपणा समजत होती, ते हे होतं. तिला रागही आला आणि इतकी माया दाटून आली की चप्पल उलटी घातली. अकराच्या बसने ती निघाली. हिरालाल तिच्या शेजारी उभा राहिला आणि खाली बघून म्हणाला, "मीच बोललो, बाई. मले का मालूम असा करन." बाहेर धान पोटरीला आलं होतं. एक तास ती मनात शब्द जुळवत राहिली, काय बोलायचं, कसं रागवायचं.

मागच्या खोलीत टिकाराम खाटेवर बसला होता. तोंडाला मास्क, खांदे उतरलेले, पण डोळ्यांतला पिवळेपणा पार गेलेला. ती दारात दिसताच त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनेही मास्क बांधला होता. पाटावर ताट होतं, भात निवत चाललेला. राखी वाढणं घेऊन बाजूला उभी होती.

"दादा. तोंड दाखवाची लाज वाटते का?"

"हौ," तो म्हणाला.

हे त्याने इतकं सरळ सांगितलं की तासभर जुळवलेलं तिचं सगळं बोलणं वाहून गेलं. ती खाली जमिनीवर बसली.

"मले विचारलं असतं त मी नाही म्हटलं असतं," तो भिंतीला सांगू लागला. "तुले माहीत होतं. तरी देलं."

"हौ. माहीत होतं."

"काहून देलं मंग?"

"तू पाहिजे होता म्हणून."

"आईनं जाताना तुले माह्या हातात देलं होतं. तुले द्यायचं सोडून तुह्या अंगाचा लचका घेतला मी. आन् आता तू वाळून राह्यली, मी खाऊन राह्यलो. फोनवर का बोलू? कोणत्या तोंडानं?"

पौर्णिमाने पिशवीतून नागपूरचा कागद काढला. वाळले ते लिव्हरने अंगातली चरबी बांधकामाला वापरली म्हणून, असं तिने समजावलं. आता ते पंच्याऐंशी टक्के भरलं आहे, वजनही दोन किलो चढलं आहे. समीक्षाने सांगितलेलं सगळं तिने सांगितलं, कोठीचंही. टिकाराम ऐकत होता. समजतही होतं त्याला, ड्रायव्हर माणूस, टाकी आणि डिझेल त्याला कुणी शिकवायला नको.

"म्हंजे तुहं भरून निघालं."

"हौ."

"बरं झालं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण माह्यापाशी आहे ते तं तुहंच आहे न. ते वापस देता येत नाही. बहिणीचं घेतलं ते घेतलंच. मी हे अन्न खाल्लं का त्यालेच लागते. आन् मंग गळ्याखाली घास उतरत नाही, पुनी. मी का करू?"

त्याने ताट जरा दूर सारलं. डॉक्टरांकडे याला उत्तर नव्हतं, कागदावरही नव्हतं. पौर्णिमा त्या ताटाकडे बघत राहिली. तीन महिने ज्याच्या आवाजासाठी ती झुरली तो माणूस हाताच्या अंतरावर बसून स्वतःला उपाशी मारत होता, आणि त्याच्या दृष्टीने तो धर्मच पाळत होता. तिला वाटलं, आपण याला मरणातून ओढून आणलं ते याच भिंतीशी आणून सोडायला. मग एकाएकी तिला राग आला, चांगला माहेरच्या लेकीचा राग.

"मी माहेरी येऊन किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"आत्ताच त आली न."

"नाही. जूनपासून आहे मी इथं." ती पुढे सरकली आणि त्याच्या सदऱ्यावरून, उजव्या बरगडीखाली, हात ठेवला. तिच्याही अंगावर टाके होते तीच जागा. "इथं आहे. अडीच-तीन महिने झाले. आन् तीन हप्त्यांपासून उपाशी आहे. आईच्या घरात, दादा. कुत्र्याले जेवू घातलं तुनं, मले नाही."

टिकाराम हलला नाही. राखीने डोळ्याला पदर लावला. हाताखाली पौर्णिमाला त्याचा श्वास लागत होता, आधी हळू, मग भरभर, आणि मग तो म्हातारा होत चाललेला, सतरा वर्षं बस चालवलेला गडी लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. तिने हात काढला नाही. रडू ओसरल्यावर त्याने मास्क काढून खाटेवर ठेवला आणि वळून बहिणीकडे नीट बघितलं. तिच्या गळ्याच्या हाडांकडे, मनगटाकडे बघितलं. मग खाली उतरून पाटावर बसला.

"भात वाढ," तो राखीला म्हणाला. "आधी बहिणीले."

राखी घाईने आत जाऊन दुसरं ताट घेऊन आली आणि ते पौर्णिमापुढे मांडून वाढायला वाकली. टिकारामने तिचा हात धरून थांबवलं आणि स्वतःचं ताट पुढे ओढलं.

"इथं वाढ," तो म्हणाला. "भरपूर वाढ. लय दिवसाची उपाशी आहे ते."

राखीला कळायला जरा वेळ लागला. मग तिने वाढलं. पहिला घास त्याने डोळे मिटून घेतला, दुसरा उघड्या डोळ्यांनी, आणि पौर्णिमा भिंतीला टेकून तो जेवताना बघत राहिली.